अंथरूण आणि पाय : एका घरखर्चाचा अभ्यास

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपल्याकडे काटकसरीचे पहिले सूत्र म्हणून सांगितली जाते. या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अंथरूण नेहमी एकाच मापाचे असते आणि ते आधी दिसते, ही ती गोष्ट. ज्या घरात महिन्याच्या एक तारखेला ठरावीक वेतन येते तेथे हे गृहीत खरे ठरते. ज्या घरात दर आठवड्याला वेगळी रक्कम येते तेथे अंथरुणाची लांबी दर आठवड्याला बदलते. पाय मात्र तेवढेच राहतात. अशा एका घराच्या जमाखर्चाचा अभ्यास या लेखात मांडावयाचा आहे. ते घर माझेच आहे.

द्वितीय वर्षात असताना अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी १ एप्रिल २०२४ पासून सलग ५२ आठवडे आमच्या घराचा हिशेब लिहिला. घर इचलकरंजीत आहे. वडील यंत्रमागावर कामाला, आई कांड्या भरण्याच्या कामावर, आजी घरी, धाकटा भाऊ त्या वर्षी दहावीत आणि मी. अशी पाच माणसे. एका घरावरून समाजाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे मला मान्य आहे. परंतु पुस्तकातले नियम एखाद्या घराला लावून पाहिले, तर त्या नियमांविषयी मात्र बरेच काही कळते.

कौटुंबिक अंदाजपत्रकांच्या अभ्यासाला मोठी परंपरा आहे. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या खर्चाची आकडेवारी तपासून १८५७ मध्ये आपला प्रसिद्ध नियम मांडला. उत्पन्न वाढते तसे अन्नावरील खर्चाचे एकूण खर्चाशी असलेले प्रमाण घटते, हा तो नियम. इंग्लंडमध्ये सीबोम राउंट्री याने यॉर्क शहराचा अभ्यास १९०१ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याकडे मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली, आणि तीत जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जबाजारी आढळली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास मांडला. त्यांनी दररोज २,२५० उष्मांक मिळतील एवढ्या आहाराची कसोटी घेऊन १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरडोई दरमहा १५ रुपये व शहरी भागात साडेबावीस रुपये ही किमान पातळी धरली होती. राष्ट्रीय पाहण्या अजूनही एंगेलचेच माप वापरतात. १९९९-२००० मध्ये देशाच्या शहरी भागात अन्नावरील खर्चाचे प्रमाण ४८.०६ टक्के होते, ते २०२३-२४ च्या पाहणीत ३९.६८ टक्के झाले. ग्रामीण भागात ५९.४० वरून ४७.०४ टक्के झाले. यावरून राहणीमान सुधारले असे म्हटले जाते, आणि ते स्थूलमानाने बरोबरही असेल. असो. आता घराकडे वळू.

प्रथम उत्पन्न. यंत्रमागावरची मजुरी विणलेल्या मीटरवर मिळते. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, म्हणजे ‘पीक’ किती, यावर मीटरचा दर ठरतो. माग चालू असेल तर मजुरी. थांबला तर नाही. बारा तासांच्या पाळीत माग थांबण्याची कारणे अनेक असतात. वीज जाते. बीम संपते आणि नवे चढवून वहिफणी होईपर्यंत माग उभा राहतो. सूत निकृष्ट आले तर धागा सारखा तुटतो. धोटा बिघडतो. सुताचा भाव चढला आणि कापडाला गिऱ्हाईक नसले, तर मालक काही माग बंदच ठेवतो. यांपैकी एकाही गोष्टीवर कामगाराचे नियंत्रण नाही. पण या सर्वांचा भुर्दंड त्याच्या आठवड्याच्या पगारात उतरतो. आमच्या वहीत वडिलांचा सर्वांत चांगला आठवडा ३,९०० रुपयांचा आहे व सर्वांत वाईट १,१५० रुपयांचा. सरासरी काढली तर ती ३,०५० रुपये येते. आईची सरासरी १,१०० रुपये. पण सरासरी ही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याची सोय आहे, दुकानदार सरासरीवर माल देत नाही. ५२ पैकी १७ आठवड्यांत वडिलांचा पगार अडीच हजारांच्या खाली होता, आणि घराच्या दृष्टीने हाच आकडा खरा.

आता खर्च. सण, शाळा, आजारपण असे काही नसलेल्या साध्या चार आठवड्यांचा खर्च १७,००० रुपयांच्या आसपास राहतो. त्यात अन्न ८,५००, घरभाडे ३,०००, गॅस व वीज १,६००, महिलांच्या गटामार्फत घेतलेल्या कर्जाचे हप्ते १,६००, भिशी ८००, आजीची औषधे ६००, प्रवास व फोन ५००, आणि उरलेले ४०० किरकोळ. म्हणजे अन्नाचे प्रमाण बरोबर निम्मे. भिशी आणि हप्ते वगळून वर्षभराचा हिशेब केला तर दरडोई दरमहा खर्च ३,३६३ रुपये येतो. २०२३-२४ च्या राष्ट्रीय पाहणीत शहरी भागाची सरासरी ६,९९६ रुपये होती. तरीही आम्ही सरकारी अर्थाने गरिबांत मोडत नाही. आमची शिधापत्रिका केशरी असली तरी प्राधान्य यादीत नाव नसल्यामुळे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे माणशी पाच किलो धान्य मिळत नाही. दोन कमावत्या माणसांचे घर त्या यादीसाठी ठरवलेल्या उत्पन्नमर्यादेत बसत नाही. या मधल्या पट्ट्यात किती घरे असतील, याचा विचार कोणी तरी करावयास हवा.

या यादीकडे पुन्हा पाहावे. भाडे, गॅस-वीज, हप्ते, भिशी आणि औषधे मिळून ७,६०० रुपये होतात, म्हणजे आठवड्याला १,९००. हे पैसे देणे भाग असते. भाडे थकले तर घरमालक दारात उभा राहतो. हप्ता चुकला तर गटातल्या इतर बायकांना आपला हप्ता भरावा लागतो, आणि मग गल्लीत तोंड दाखवता येत नाही. पाठ्यपुस्तकात अन्न ही जीवनावश्यक वस्तू असून तिची मागणी अलवचिक असते, असे आपण शिकतो. परीक्षेत मीठ आणि धान्य ही उदाहरणे देतो. एखाद्या वस्तूच्या किमतीपुरते ते ठीक आहे. परंतु पगार कमी आला की घरात सर्वांत लवचिक ठरते ते अन्नच. भाडे अर्धे देता येत नाही, आमटी मात्र पातळ करता येते. दूध अर्ध्या लिटरऐवजी पाव लिटर आणता येते. अंडी बंद करता येतात. तूरडाळीऐवजी मसूर घेता येते, आणि दोन दिवस नुसत्या झुणका-भाकरीवर काढता येतात. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आणि ते शेजाऱ्यांना दिसतही नाही.

याचा परिणाम जूनच्या हिशेबात स्पष्ट दिसला, आणि माझ्या मते या अभ्यासातला महत्त्वाचा भाग तोच आहे. जून २०२४ च्या चार आठवड्यांत माझे प्रवेशशुल्क व पुस्तके, भावाची दहावीची पुस्तके, गणवेश, बूट आणि पावसाळ्यासाठी छपरावर टाकावयाचा कागद, हे सर्व एकदम आले. एकूण खर्च २१,४०० रुपयांवर गेला. त्यात अन्नावर ७,४९० रुपये खर्च झाले, म्हणजे ३५ टक्के. एंगेलच्या नियमाचे माप हातात घेऊन एखादा पाहणीवाला त्या महिन्यात आमच्या दारी आला असता, तर त्याने काय लिहिले असते? या कुटुंबाचे अन्नावरील खर्चाचे प्रमाण शहरी भारताच्या सरासरीपेक्षाही कमी आहे, सबब कुटुंब सुस्थितीत आहे! वास्तविक त्या चार आठवड्यांत आम्ही नेहमीपेक्षा १,०१० रुपयांचे कमी खाल्ले होते, दुकानदाराकडे ३,००० रुपयांची उधारी केली होती आणि वडिलांनी मालकाकडून १,८०० रुपयांची उचल घेतली होती. ही उचल पुढे सहा आठवडे पगारातून कापली गेली.

अन्नावरील खर्चाचे प्रमाण दोन कारणांनी घटते. उत्पन्न वाढले म्हणून घटते, आणि इतर देणी वाढून अन्न दाबले गेले म्हणूनही घटते. टक्केवारीत ही दोन्ही घरे सारखीच दिसतात. एंगेलचा नियम चुकीचा आहे, असे मला म्हणावयाचे नाही. वर्षाचा आणि हजारो घरांचा विचार केला तर तो टिकतो. मात्र शिक्षण, भाडे, औषधे, हप्ते ही देणी वाढत असलेल्या काळात केवळ प्रमाणावर न थांबता अन्नावरील प्रत्यक्ष रक्कम आणि ताटातले पदार्थ पाहिले पाहिजेत.

अशा घरात बचत कशी होते, हा पुढचा प्रश्न. होते; पण ती बँकेच्या पुस्तकात दिसत नाही. आमच्या गल्लीत वीस बायकांची भिशी आहे. दर आठवड्याला प्रत्येकीने २०० रुपये द्यावयाचे, जमलेले ४,००० रुपये चिठ्ठी निघेल तिने उचलावयाचे. वीस आठवड्यांत प्रत्येकीची पाळी येऊन जाते. अशा फिरत्या पतमंडळांवर क्लिफर्ड गीर्ट्झ या मानवशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. आमच्या भिशीत व्याज नाही. शेवटच्या आठवड्यात पाळी येणारीला तर तोटाच. शिवाय एकीकडे व्याजाने घेतलेल्या कर्जाचा ४०० रुपयांचा आठवड्याचा हप्ता भरावयाचा आणि दुसरीकडे बिनव्याजी २०० रुपये साठवावयाचे, हे वर्गात शिकलेल्या हिशेबाने वेडेपणाचेच ठरेल. मी तसे आईला विचारले. तिने उत्तर दिले, “हातात ऱ्हायलं की सरतंय. भिशीत गेलं की मोकळं.” डॅरिल कॉलिन्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी बांगलादेश, भारत व दक्षिण आफ्रिका येथील अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांचे वर्षभराचे पैशाचे व्यवहार नोंदवून २००९ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचाही निष्कर्ष हाच, की अशा कुटुंबांची अडचण केवळ उत्पन्न कमी असण्याची नाही. ते अनियमित येते, आणि खर्चाची वेळ त्याच्याशी जुळत नाही. म्हणूनच ही कुटुंबे एकाच वेळी कर्ज काढतात, बचत करतात आणि हातउसनेही देतात.

भिशीच्या ठोक रकमेची किंमत काय असते, ते चटणीवरून सांगते. आमच्याकडे वर्षाची कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात होते. मिरची, सुके खोबरे, तीळ, धणे आणि गरम मसाला एकदम घेऊन सर्व डंखावर कुटून आणावयाचे. एप्रिलमधली भिशी आई यासाठीच धरून ठेवते. विकतच्या चटणीपेक्षा ती आम्हाला किलोमागे दीडशे रुपयांनी स्वस्त पडली. शिवाय घरात चटणी असली की भाजी नसलेल्या दिवशीही भाकरी जाते. याच्या उलट तेल. एक लिटरची पिशवी आमच्या दुकानात १४० रुपयांना होती, आणि २०० मिलिलिटरची ३२ रुपयांना. पगाराच्या आदल्या दोन दिवसांत आम्ही ही छोटी पिशवीच आणतो, म्हणजे लिटरला १६० रुपये मोजतो. डेव्हिड कॅप्लोविट्झ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये न्यूयॉर्कमधील गरीब गिऱ्हाइकांचा अभ्यास करून गरिबाला वस्तू महाग पडतात असे दाखवून दिले होते. त्याचा विषय फर्निचर व दूरदर्शन संच हा होता. आमच्याकडे तो तेलाच्या पिशवीपासून सुरू होतो. मात्र छोटे ते सगळे महाग, असाही नियम नाही. शाम्पूच्या पुड्या मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, हे कोणत्याही वसतिगृहातील मुलीला ठाऊक आहे.

येथवर मी ‘घर’ हा शब्द असा वापरला, की जणू घराला एकच पोट असते. अर्थशास्त्रातही पुष्कळ काळ तसेच धरले गेले. गॅरी बेकर याचा कुटुंबावरचा ग्रंथ १९८१ चा. त्यात कुटुंबप्रमुख सर्वांच्या हिताचा विचार करून निर्णय घेतो, अशी मांडणी आहे. अमर्त्य सेन यांनी १९९० च्या एका निबंधात दाखवले, की कुटुंबात सहकार्य आणि हितसंबंधांचा झगडा हे दोन्ही एकत्र नांदतात. बाईला स्वतःचे हित वेगळे काढून पाहण्याची सवयच नसल्यामुळे हा झगडा दिसत नाही. या मुद्द्यासाठी जूनच्या शेवटच्या पंधरा दिवसांत मी आणखी एक तक्ता केला. कोणाच्या ताटात काय वाढले, एवढेच त्यात लिहिले. दूध निम्मे झाले तेव्हा आजीचा आणि भावाचा वाटा तसाच राहिला. वडिलांच्या डब्यात भाकऱ्या तेवढ्याच गेल्या, कारण बारा तास मागावर उभे राहावयाचे असते. माझ्या ताटातली डाळ थोडी पातळ झाली. आईच्या रकान्यात पंधरापैकी नऊ रात्री डाळ किंवा भाजी नव्हती. चटणी आणि भाकरी होती. कोणी तिला तसे सांगितलेले नव्हते. वाढणारी शेवटी बसते, आणि शेवटी भांड्यात जे असेल ते तिचे. तीही दिवसभर कांडीयंत्रावर उभीच असते.

वर्षभराच्या वहीत तिच्या स्वतःच्या नावाचा खर्च मी शोधला. दिवाळीच्या बोनसातून घेतलेली एक साडी, एक चपलांचा जोड आणि डोकेदुखीच्या गोळ्या. चष्मा हा शब्द वहीत तीनदा आहे. एप्रिलच्या भिशीतून चष्मा करावयाचा होता, पण चटणीनंतर काही उरले नाही. जूनमध्ये त्यापुढे फुली आहे. सप्टेंबरच्या भिशीच्या आठवड्यात आजीला ताप आला, आणि ते पैसे दवाखान्यात गेले. कांडीवरचा धागा तिला आता नीट दिसत नाही. त्यामुळे तुटलेला धागा सापडावयास वेळ लागतो आणि कांड्या कमी भरतात. म्हणजे चष्म्याचे वाचलेले पैसे मजुरीतून वजा होत राहतात. ही वजाबाकी वहीत कोठेही लिहिलेली नाही. ती मांडता यावी म्हणून मी तिच्या आठवड्याच्या मजुरीचा आलेख काढला. पहिल्या तेरा आठवड्यांची सरासरी १,१८० रुपये, शेवटच्या तेरांची १,०२०. सगळी घट डोळ्यांमुळेच झाली असे म्हणता येणार नाही, काम कमी होते असेही आठवडे त्यात आहेत. पण घट आहे.

घरखर्च ही चार भिंतींतली, बाईने निभावून न्यावयाची बाब आहे, असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मोडल्याचे उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. १९७२ च्या दुष्काळी वर्षात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी स्त्रियांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली, आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, धान्य यांचा हिशेब त्यांनी सरकारसमोर मांडला. आज काटकसरीवर जी व्याख्याने आपण ऐकतो त्यांत मात्र चहा सोडा, रिक्षा टाळा, यादी करून बाजारात जा, असा उपदेश असतो. आमच्या वहीत रिक्षा वर्षातून चार वेळा आहे, चारही वेळा आजीसाठी. ज्या घरात किरकोळ खर्च चार आठवड्यांना ४०० रुपये आहे, तेथे यादी करून वाचणार तरी काय? त्यापेक्षा वाईट आठवड्यात १,१५० ऐवजी दोन हजारांची किमान हमी मिळाली, किंवा शाळा-महाविद्यालयांनी शुल्क आणि पुस्तकांचे पैसे जूनमध्ये एकदम न घेता चार हप्त्यांत घेतले, तर वर्षाच्या एकूण उत्पन्नात फार फरक न पडताही जूनची आमटी पातळ होणार नाही. माझे गणित एवढेच सांगते.

हा तक्ता मी आईला दाखवला. जूनचा रकाना तिने बोटाने धरून वाचावयास लावला आणि म्हणाली, “खायाचं कमी झालेलं आकड्यात बी दिसतंय व्हय?” मग तिने विचारले, की यंदाच्या जूनला किती लागतील. भाऊ बारावीत जाईल. मला कोल्हापूरला विद्यापीठात एम. ए. करावयाचे आहे, प्रवेश, पुस्तके आणि एस. टी. चा पास धरून मी आकडा काढला. तो गेल्या खेपेपेक्षा बराच जास्त आहे, आणि एम. ए. होणार की मी आधी नोकरी पाहणार, हे अजून ठरलेले नाही. मात्र शेजारच्या मावशींशी बोलून आईने भिशीची पाळी बदलून घेतली आहे. एप्रिलची त्यांना दिली, जूनच्या पहिल्या आठवड्याची आपण घेतली. चटणी यंदा निम्मीच होईल. जूनच्या यादीत पहिल्या ओळीवर मी चष्मा लिहिला होता; तिने तो खाली सरकवला, मी पुन्हा वर लिहिला. तूर्त तो वर आहे.